प्रश्न फक्त दोन मीटरचा

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

संकल्प: या सीझनला बॅटचा नाद सोडायचा.

गेल्या वर्षी एक्केचाळीस वेळा बॅटिंगला गेलो. हिट दोन. त्यातली एक अंपायरच्या नडगीवर आदळली म्हणून मिळाली. क्लबात सगळ्यांना वाटलं, यतिन संपला. यतिन तेव्हा विचार करत होता.

उन्हाळाभर वाचन. बेसबॉलच्या इतिहासाचे चार जाडजूड ग्रंथ, आकडेवारीचे लेख वेगळे. निष्कर्ष एकच. संघ बांधायचा तर शॉर्टस्टॉपपासून. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा हा माणूस. जमिनीवरून येणारे सगळ्यात जास्त चेंडू याच्याकडे. हा जर ग्लव्हने पक्का असेल, तर बॅटने शून्य असला तरी चालतो. वाचवलेला रन हा काढलेल्या रनाएवढाच असतो. हे साधं गणित इथे मेलबर्नच्या वेरिबीत कोणाला कळत नाही. सगळ्यांना चेंडू कुंपणाबाहेर मारायचाय.

ग्लव्ह-फर्स्ट शॉर्टस्टॉप म्हणतात अशा माणसाला. बॅटने शून्य ही अट मी गेल्या वर्षीच पूर्ण केली आहे.

नवा ग्लव्ह घेतला. गुढीपुढे ठेवला. सुमेधा म्हणाली, देवापुढे चामडं नको, शू-रॅकवर ठेव. मी म्हटलं, हे शस्त्र आहे. ती म्हणाली, शस्त्रं दसऱ्याला.

ग्लव्ह मऊ करायला इथले लोक डबीतलं कसलंतरी मलम लावतात. मी खोबरेल लावलं. अर्धी बाटली. केसांना चालतं ते चामड्याला न चालायला काय झालं. श्रियाने विचारलं, इज दॅट अ थिंग, डॅड? म्हटलं, आता होईल.

२ एप्रिल, बुधवार.

क्लबची मीटिंग. बावीस मिनिटं बोललो. कॉलेजात वक्तृत्वाच्या तीन ढाली उगाच नाही मिळवल्या. घराचा पाया, नदीचा बंधारा, असे दाखले. एकाने फोन काढला होता, त्याच्याकडे बघून थांबलो. त्याने फोन ठेवला.

कोच डॅरेल. वय अडुसष्ट, रिटायर्ड प्लंबर. बावीस वर्षं ही डी ग्रेडची टीम सांभाळतोय आणि एक पुस्तक वाचलेलं नाही. शेवटी म्हणाला, यह, नाह, फेअर इनफ, मेट. दुसरं कोणी बरं मिळेपर्यंत तू उभा राहा.

एकमताने निवड.

६ एप्रिल, रविवार. पहिला सामना.

पिचिंगला श्रिया. सतरा वर्षांची, डी ग्रेडमधली एकुलती एक मुलगी. तिचा चेंडू शेवटच्या क्षणी खाली बसतो, बॅटर त्याच्या डोक्यावर मारतो, चेंडू जमिनीवरून सरपटत शॉर्टस्टॉपकडे. बाप आणि लेक. नियतीने आखलेली जोडी.

तीन चेंडू आले. पहिल्याने वाईट उसळी घेतली. दुसऱ्याच्या वेळी डोळ्यांत ऊन आलं. सुमेधा म्हणते ढग होते. ऊन ढगाआडूनही येतं. तिसरा व्यवस्थित उचलला, फर्स्ट बेसला फेकला, तिथला माणूस उंचीला कमी पडला. चेंडू सॉसेजच्या टेबलावर. कांद्यात.

सुमेधाने ऑनलाइन कोर्स करून स्कोअररचं काम घेतलंय. वहीत प्रत्येक जागेला आकडा असतो. शॉर्टस्टॉप सहा, फर्स्ट बेस तीन. शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्टला दिला आणि माणूस आऊट झाला, की लिहायचं सहा-तीन. चूक झाली, की ई-सहा. ई म्हणजे एरर, सहा म्हणजे मी.

तिने तीनदा ई-सहा लिहिलं. पेनने.

१२ एप्रिल, शनिवार. दुपारी ३.

पाच दिवस घरात या विषयावर चर्चा. सुमेधा पॅथॉलॉजिस्ट. म्हणाली, रिपोर्ट पेशंटला विचारून लिहीत नाहीत.

म्हणून मीच रूलबुक मुळातून वाचलं. इथे कोणीच वाचलेलं नाही. त्यात स्पष्ट आहे. साध्या प्रयत्नाने घेता आला असता असा चेंडू सोडला तर एरर. प्रयत्नाच्या पलीकडचा असेल तर हिट. फिल्डरचा दोष शून्य.

सुमेधाला विचारलं, पायांमधून गेला तर? एरर. दोन मीटर लांबून गेला तर? हिट, म्हणाली.

म्हणजे प्रश्न फक्त दोन मीटरचा आहे.

२७ एप्रिल, रविवार.

एरर शून्य.

शॉर्टस्टॉपचं खरं कौशल्य म्हणजे निर्णय. कोणता चेंडू आपला नाही, हे आधी ओळखायचं. आज असे सहा ओळखले. जाणकार असता तर त्याने टाळ्या वाजवल्या असत्या. डॅरेलने टोपी काढून डोकं खाजवलं.

हरलो. नऊ-दोन. बॅट्समन मंडळींनी दोनच रन केले, त्याला मी काय करणार.

११ मे, रविवार.

सलग चौथा सामना, एरर शून्य. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकडा टाकला. दोन अंगठे. एक माझाच होता, चुकून दाबला गेला.

श्रियाचा ईआरए मात्र घसरतोय. म्हणजे वाढतोय. ईआरए म्हणजे पिचरच्या नावावर एका सामन्याला सरासरी किती रन लागले ते. एररमुळे गेलेला रन तिच्या नावावर लागत नाही. हिटमुळे गेलेला लागतो. आज पाच लागले. परतताना गाडीत तिला प्रेमाने सांगितलं, बेटा, चेंडू अजून खाली ठेव.

ती म्हणाली, डॅड, आय ॲम कीपिंग इट लो. दॅट्स व्हाय दे हिट इट टू यू.

सुमेधाने रेडिओचा आवाज वाढवला.

२५ मे, रविवार.

टीममध्ये नवा माणूस. श्रीनिवास. नांदेडचा. स्टुडंट म्हणून आला, आता पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, ट्रुगनिनाच्या वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. एकतीस वर्षांचा, अंगाने काडी. ग्लव्ह सेकंडहँड, त्याची दोरी बुटाच्या नाडीची. बॅटिंगला चारदा गेला, चारदा स्ट्राइक-आऊट, म्हणजे तीन चेंडू हुकवून बाद. डॅरेलने राइट फिल्डला उभा केला. तिथे चेंडू येत नाहीत.

चहाच्या वेळी माझ्या सिद्धांताबद्दल त्याचं मत विचारलं. खूप वेळ विचार करून म्हणाला, बॉल आला की घ्यायचा, दादा. अजून काय.

ही वैचारिक पातळी. शॉर्टस्टॉप हा इनफिल्डचा वक्ता असतो. तो सगळ्यांना सांभाळतो, सूचना देतो, धीर देतो. या माणसाला स्वतःचं नाव सांगायला दोन प्रयत्न लागले.

सामन्याआधी टॉयलेट ब्लॉकच्या भिंतीवर चेंडू मारून झेलत बसतो. एकटाच. अर्धा तास. एकही सुटत नाही, पण भिंतीसमोर काय, कोणीही घेईल.

१५ जून, रविवार.

लिहायची इच्छा नाही. पण सत्य नोंदवलं पाहिजे.

सकाळी मैदानावर चार डिग्री. ग्लव्ह गाडीच्या डिकीतून काढला तर लाकूड. खोबरेल गोठलेलं. बोटांच्या फटींतून पांढऱ्या वड्या. दुसऱ्याच इनिंगमध्ये चेंडू सरळ माझ्या अंगावर आला, सोडून द्यायला सवड मिळाली नाही. ग्लव्हवर आपटला आणि टण्णकन उडून पुन्हा पिचरकडे गेला. श्रियाने तो एका हाताने झेलला आणि माझ्याकडे बघत राहिली.

ई-सहा. सलग आठ सामन्यांचा विक्रम गेला.

सुमेधाने सांगितलं, खोबरेल चोवीस डिग्रीच्या खाली गोठतं, शाळेतल्या मुलांना माहीत असतं. मेलबर्नला हिवाळा असतो, ही माहिती एप्रिलमध्ये द्यायची जबाबदारी कोचची होती.

तिसऱ्या इनिंगनंतर गाडीत बसून ग्लव्ह हीटरवर शेकला. तेल वितळून मनगटापर्यंत. सेकंड बेसवाला म्हणाला, मेट, समवन्स बेकिंग. नारळाच्या वडीचा वास पाचव्या इनिंगपर्यंत टिकला.

श्रीनिवासने विचारलं, दादा, माझा देऊ का? बुटाच्या नाडीचा ग्लव्ह. मला. नम्रपणे नकार दिला.

६ जुलै, रविवार.

आज नेतृत्वाची परीक्षा होती. उंच उडालेला चेंडू, मी, सेकंड बेस आणि थर्ड बेस, तिघांच्या मधोमध. अशा वेळी शॉर्टस्टॉपने हाक द्यायची असते. इथले लोक माइन म्हणून ओरडतात. एक शब्द, कसलाही विचार नाही. मी स्पष्ट सांगितलं, थांबा, तुम्ही दोघं आपापल्या जागी राहा, हा चेंडू माझ्या क्षेत्रात आहे, मी तो घेतो. वाक्य पूर्ण व्हायला आलं होतं. चेंडू आधी आला.

कोणाचाच हात लागला नाही. म्हणजे हिट. श्रियाच्या नावावर आणखी दोन रन.

दोघं आपापल्या जागी राहिले, हे नोंदवण्यासारखं. मराठीत सांगूनही.

२० जुलै, रविवार. संध्याकाळी ६.

श्रियाला मेल आली आहे. राज्याच्या अंडर-एटीन मुलींच्या स्क्वॉडची ट्रायल. क्लबने अठरा ऑगस्टपर्यंत आकडे आणि कोचचा शेरा पाठवायचा. त्यावरून बोलावणं येणार. ईआरए पाचच्या आत असावा, असं लिहिलंय. तिचा सात पूर्णांक एक.

माणसाला आकड्यांनी मोजणारी ही क्षुद्र वृत्ती. निवड समितीला सविस्तर टिपण पाठवायचं ठरवलं. विषय: संघबांधणीत ग्लव्ह-फर्स्ट शॉर्टस्टॉपचं मूल्य. त्यांना एकदा पार्श्वभूमी कळली की श्रियाचं काम आपोआप होईल. अकरा पानं झाली आहेत.

गाडीत सुमेधा पुढे, श्रिया मागे. प्रिन्सेस हायवेच्या सिग्नलला श्रिया म्हणाली, डॅड, कॅन आय आस्क समथिंग? मग मराठीत बोलली. ती मराठीत बोलते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. म्हणाली, बाबा, तुम्ही नुसता हात लावाल का? पकडू नका. जस्ट टच इट. हात लागला की ते माझ्या नावावर येत नाही.

सिग्नल हिरवा झाला होता. मागचा हॉर्न वाजवत होता.

खरकटी भांडी घासताना विचार केला. पुन्हा सलग चार सामने एरर शून्य आहेत. एका विक्रमाची किंमत तरुण पिढीला कळत नाही. शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे. शॉर्टस्टॉपने पिचरच्या सोयीसाठी खेळायचं नसतं.

तव्याला बराच वेळ लागला.

२७ जुलै, रविवार.

दोन चेंडूंना हात लावला.

एकदा डावीकडे झेपावलो. बेचाळिसाव्या वर्षी. बोटांच्या टोकाला लागून गेला. दुसरा छातीवर घेतला. ई-सहा. ई-सहा. ग्लव्ह ओला होता.

तीन रन गेले, श्रियाच्या नावावर एकही नाही.

डगआऊटमध्ये सुमेधाने थर्मासमधला चहा ओतून दिला. वहीत बघितलं, दोन्ही ई-सहा या वेळी पेन्सिलने होते.

बरगडी दुखतेय. हे रोज करण्यासारखं नाही. टिपण चौदा पानांवर.

१० ऑगस्ट, रविवार.

आमची टीम सेमीफायनलला. आठपैकी चार टीम जातात आणि एकीने मे महिन्यात नाव काढून घेतलं होतं, हे लोक पुन्हा पुन्हा का सांगतात कळत नाही.

सेमी सतराला. श्रियाच्या आकड्यांसाठी शेवटचा सामना.

कानावर आलंय की डॅरेल शॉर्टस्टॉप बदलायच्या विचारात आहे. अंदाज होताच. तो दाढीवाला फर्स्ट बेसवाला, हिप्पोपोटॅमस, त्याला तिथे घालणार. का, तर चेंडू लांब मारतो. बावीस वर्षांत हा माणूस काहीही शिकलेला नाही. बुधवारी मीटिंग. आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण करायचं. शॉर्टस्टॉपचं पद मी सोडणार नाही, आणि त्या चेंडू टोलवणाऱ्या बाजारबुणग्यांच्या हाती तर मुळीच देणार नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार.

पस्तीस मिनिटं. पाणीसुद्धा प्यायलो नाही.

सांगितलं, की शॉर्टस्टॉपला बॅटवरून मोजणं म्हणजे पहारेकऱ्याला गाणं येतं का विचारणं. म्हटलं, या माणसाने सीझनभर एकही हिट मारली नाही, म्हणून तुम्ही त्याला कोपऱ्यात उभा करता? तो रोज वाचवतो ते रन तुमच्या वहीत दिसत नाहीत, म्हणून ते नसतात का? म्हटलं, तुमची पिचर जिवाचं रान करून चेंडू जमिनीवर आणते, आणि तिच्या मागे तो उचलणारा माणूस नाही, तर तिने करायचं काय? इथे माझा आवाज बसला. ठरवून नाही. श्रिया खाली बघत होती.

शेवटी म्हटलं, बॅट विसरा. ग्लव्ह बघा. फक्त ग्लव्ह बघा आणि या क्षणी निर्णय घ्या.

टाळ्या. खऱ्या. हिप्पोपोटॅमस उभा राहिला. डॅरेलने डोळे पुसले. म्हणाला, यट्स, दोन महिने मी याच गोष्टीवर अडलो होतो. त्याला एक हिट मिळेना, बत्तिसातून शून्य, म्हणून माझं धाडस होईना. पण यू आर डेड राइट, मेट. बॅट गेली खड्ड्यात.

मतदान. सगळे हात वर. माझा सगळ्यात आधी.

मग डॅरेल म्हणाला, राइटो. श्रीनी ॲट शॉर्ट.

सगळ्यांनी श्रीनिवासच्या पाठीवर थापा मारल्या. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, थँक्यू दादा, माझ्यासाठी एवढं कोणीच बोललं नव्हतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ७.

ठरावात नाव घालायचं राहून गेलं. तांत्रिक चूक. पुढच्या वेळी मसुदा आधी फिरवायचा.

१७ ऑगस्ट, रविवार. सेमीफायनल.

सुमेधाची अचानक लॅबला शिफ्ट. स्कोअर लिहायला कोणी नाही. डॅरेलने वही माझ्या मांडीवर ठेवली. पेन्सिल कानाला होतीच.

पहिली इनिंग, पहिला बॅटर. श्रियाचा चेंडू खाली बसला. सरपटत, जोरात, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या बरोबर मधून. चार महिने हा चेंडू मी ओळखतो. हा कोणाचाच नसतो. मी हिट लिहून टाकलं.

वर बघितलं तर चेंडू श्रीनिवासच्या ग्लव्हमध्ये होता. धावला कधी, वाकला कधी, कळलं नाही. फेकला. फर्स्टवर हिप्पोपोटॅमसला हात हलवावासुद्धा लागला नाही. आऊट.

खोडलं. लिहिलं, सहा-तीन.

चार महिन्यांत या वहीतलं पहिलं सहा-तीन. मागची पानं उलटून खात्री केली.

श्रियाने वळून श्रीनिवासकडे ग्लव्हने खूण केली. मग पुढच्या चेंडूआधी खांदे एकदा सैल सोडले. तिचे खांदे इतके वर असतात, हे ते खाली आल्यावर दिसलं.

तिसऱ्या इनिंगला सुमेधा थर्मास घेऊन शेजारी येऊन बसली. शिफ्टचं काय झालं विचारलं. म्हणाली, चहा घे. पेन्सिल नीट धर, रेघ तिरकी जातेय.

श्रीनिवास चारदा बॅटिंगला गेला, चारदा स्ट्राइक-आऊट. माझा सिद्धांत किती अचूक आहे ते बघा. सहा-तीन नऊ वेळा. जिंकलो, एक-शून्य.

श्रियाचा ईआरए पाच पूर्णांक आठ. पाचच्या आत नाही. माझं चौदा पानी टिपण फॉर्मला जोडायला घेऊन गेलो, तर डॅरेल शेऱ्याच्या चौकटीत आधीच लिहून मोकळा झाला होता. एकच ओळ. आजचा सामना बघा, आधीचे तिचे नव्हते.

बावीस वर्षांत एक पुस्तक न वाचलेला माणूस.

टिपण गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. श्रिया त्यावर बसली.

वेरिबी स्टेशनच्या वळणावर तिला म्हटलं, आज कोणाच्या विचारांचा विजय झाला? ती म्हणाली, युअर्स, डॅड. ती वहीच्या पानाचा फोटो काढत होती. फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, बाबा, हँडरायटिंग छान आहे तुमचं.

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.

फायनल चोवीसला.

आणायचं: पेन्सिल, टूबी, दोन. खोडरबर एक.